आपापले सामान घेऊन

गेल्या वर्षी आम्ही फोन बदलला. वस्तुतः ही घटना निबंधाचा विषय व्हावी एवढी मोठी नव्हे. जुना फोन सहा वर्षे वापरून झाला होता. परगावी असलेल्या मुलीने नवा पाठविला आणि तो वेगळ्या कार्यप्रणालीचा निघाला. माणसे घर बदलतात, गाव बदलतात, क्वचित नावही बदलतात. तेथे फोन बदलण्याचे कौतुक ते काय? आम्हीही तसेच समजत होतो.

पहिल्या दिवशी नावे आणि क्रमांक नव्या फोनमध्ये आले. छायाचित्रे आली. आले नाहीत ते आमच्या थोरल्या बंधूंचे आवाज. बंधू निवर्तून आता दोन वर्षे होतील. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी मंदावली होती, त्यामुळे ते लिहून न पाठविता बोलून पाठवीत. 'काय करूलास रे, जेवलास काय?' असा आरंभ, मग पावसाची हकीकत, भाताची रोपलावण कुठवर आली याची चौकशी, आणि शेवटी काही न बोलता दोन-चार क्षण नुसता श्वास. कारण बटण कोठे सोडावयाचे हे त्यांना कधी नीट समजले नाही. असे शंभराहून अधिक संदेश जुन्या फोनमध्ये होते. संभाषणे एका प्रणालीतून दुसरीत नेण्याची काही सोय असते, ती नवा फोन मांडतानाच करावयाची असते, हे आम्हांस महिनाभराने कळले. पिरनवाडी नाक्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानातील मुलाने दोन्ही फोन शेजारी ठेवून सांगितले, ''काका, ही दोन वेगळी घरं आहेत. त्या घरातली सगळी वस्तू ह्या घरात येत नाही.''

त्याचे म्हणणे यंत्रापुरते होते. आमच्या मनात मात्र दुसराच प्रश्न राहिला. जी वस्तू आमची आहे ती आम्हांस घेऊन जाता येत नसेल, तर ती आमची होती असे कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? आणि जेथून आपले सामान घेऊन निघता येत नाही, तेथे आपण स्वेच्छेने राहिलो असे म्हणता येते काय?

कार्यप्रणाली हा शब्द रूक्ष आहे, पण सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्यास तो परका वाटू नये. फोनची काच, डबी आणि बॅटरी म्हणजे गावाची जमीन आणि घरे. कार्यप्रणाली म्हणजे त्या गावावरचा कारभार. कोणत्या अ‍ॅपला आत येऊ द्यावयाचे, कोणास कोणती परवानगी द्यावयाची, कागद कोणत्या दप्तरात आणि कोणत्या लिपीत ठेवावयाचे, हे सारे ती ठरविते. कारभार उत्तम चालला असेल तर तो दिसत नाही; बदलला म्हणजेच तो होता हे ध्यानात येते.

आज असे कारभार जगात मुख्यतः दोनच उरले आहेत, गूगलचा अँड्रॉइड आणि अ‍ॅपलचा आयओएस. आपल्या देशात दर दहा स्मार्टफोनांमागे नवांहून अधिक अँड्रॉइडचे आहेत. एके काळी नोकियाच्या फोनांतून सिंबियनचे राज्य होते. ते लयास गेले. मायक्रोसॉफ्टने आपल्या फोनप्रणालीचा आधार २०२० च्या आरंभी काढून घेतला. ब्लॅकबेरीने आपल्या जुन्या प्रणालीची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद केली. आपल्याकडे मद्रास आयआयटीच्या आश्रयाने २०२३ मध्ये 'भारओएस' नावाची प्रणाली पुढे आली, परंतु बाजारातल्या सामान्य गिऱ्हाईकापुढे आजही निवड आहे ती दोहोंतच. ज्याला हे आवडत नाही त्याने ते घ्यावे, ज्याला ते आवडत नाही त्याने हे घ्यावे. म्हणजे निवड आहे, असे म्हणावयास जागा आहे. निदान कागदोपत्री.

हा युक्तिवाद नवा नाही. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या तुरुंगात सॉक्रेटिस मृत्यूची वाट पाहत असता त्याचा मित्र क्रिटो त्यास पळून जाण्याचा आग्रह करतो. प्लेटोने हा संवाद लिहून ठेवला आहे. सॉक्रेटिस नगराच्या कायद्यांनाच बोलके करून त्यांच्याकडून उत्तर देववितो. कायद्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की वयात आलेल्या प्रत्येक नागरिकास आम्ही मोकळीक ठेविली आहे. आमचा कारभार पसंत नसेल तर त्याने आपली मालमत्ता घेऊन हवे तेथे जावे. तू सत्तर वर्षे राहिलास, म्हणजे तुझी संमती होती. या संवादावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले आहेत. आमचे लक्ष मात्र या वेळी एका लहानशा अटीवर खिळले. कायदे नुसते 'जा' म्हणत नाहीत. 'आपले सामान घेऊन जा' असे म्हणतात. ती अट काढून घेतली तर सारा युक्तिवाद कोसळतो. ज्याचे सामान अडकले आहे, त्याच्या राहण्यावरून त्याची संमती गृहीत धरता येत नाही.

पुढे १७४८ मध्ये डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने याच ठिकाणी बोट ठेविले. राज्यसत्ता लोकांच्या मूक संमतीवर उभी आहे या मताची तपासणी करताना त्याने विचारले, की परदेशची भाषा नाही, तेथील रीतिरिवाज ठाऊक नाहीत, रोजच्या मजुरीवर पोट, अशा गरीब शेतकऱ्याला किंवा कारागिराला देश सोडण्याचे स्वातंत्र्य आहे असे गंभीरपणे म्हणता येईल काय? झोपेत असताना ज्यास जहाजावर चढविले आणि उतरावयाचे तर समुद्रातच उडी घ्यावी लागेल, तो जहाजावर राहिला म्हणून त्याने कप्तानाचे स्वामित्व मान्य केले, असे म्हणण्यासारखेच ते होईल.

आमच्या सीमाभागातील वाचकांस हा दृष्टान्त समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमच्या वडीलधाऱ्यांनी घर सोडले नाही, गाव सोडले नाही, शेताचा बांध इंचभर हलविला नाही; तरी कारभार बदलला. काल मुंबई राज्यात होते, ते आज म्हैसूर राज्यात आले. पुढे १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले, २०१४ मध्ये बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्या वादाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. तो २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आहे आणि आम्ही स्वतः याच राज्याच्या सेवेत उभा जन्म काढला आहे. आम्हांस नोंदवावयाचे आहे ते एवढेच, की 'ज्यांना नको होते ते कोल्हापूरकडे का गेले नाहीत' हा प्रश्न ज्यांनी ज्यांनी विचारला, त्यांनी ह्यूमचा शेतकरी पाहिलेला नव्हता. माणूस गाडीत बसून निपाणीहून कागलला तासाभरात जातो. त्याचे शेत जात नाही, विहीर जात नाही, शेजार जात नाही. राहणे ही संमती असू शकते, पण ती तशी आहे हे नुसत्या राहण्यावरून सिद्ध होत नाही.

येथे एक आक्षेप रास्तपणे येईल. भूमी आणि भाषा यांची तुलना खिशातल्या डबीशी करणे म्हणजे अतिशयोक्ती नव्हे काय? फोन घेण्याची सक्ती कोणी केली होती? शिवाय ज्या कंपनीने स्वतःच्या पैशाने आणि बुद्धीने घर बांधले, तिने आपल्या घराला भिंती का घालू नयेत? भिंतींनी चोरही बाहेर राहतात.

या आक्षेपातील सत्यांश आम्ही मान्य करतो. भिंतींमुळे सुरक्षितता येते हे खोटे नाही. आणि तुलना समान तोलाची नाही हेही खरे. परंतु तोल कमी असला तरी प्रश्नाची जात एकच आहे. आज निवृत्तिवेतनाचे संदेश, बँकेचे व्यवहार, दवाखान्याचे कागद, आप्तांचे आवाज हे सारे त्या डबीत आहे. फोन न घेण्याचे स्वातंत्र्य हे आता ह्यूमच्या समुद्रासारखे होऊ लागले आहे. आणि भिंतीबद्दल आमची तक्रारच नाही. तक्रार आहे ती मागच्या दाराबद्दल.

गिऱ्हाईक टिकविण्याचे दोन मार्ग आपल्या गावात फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. एका दुकानदाराकडे लोक जातात, कारण त्याचे वजन खरे असते, तांदूळ जुना असतो आणि बोलणे गोड असते. दुसऱ्याकडे जातात, कारण त्याच्या वहीत त्यांचे उधारीचे खाते अडकलेले असते. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही दुकानांत सारखीच गर्दी दिसेल. पण पहिली गर्दी ही दुकानदाराची अब्रू आहे आणि दुसरी ही गिऱ्हाइकाची अडचण. दोहोंस 'निष्ठा' हे एकच नाव देणे हा भाषेचा अपमान आहे. कोणती गर्दी कोणत्या जातीची हे ओळखण्याची कसोटी एकच: खाते मोकळे करून द्यावे आणि मग किती जण राहतात ते पाहावे.

अशी कसोटी एकदा आपल्या देशात घेतली गेली आहे. पूर्वी मोबाईलची कंपनी बदलली की क्रमांक जाई. क्रमांक गेला की ओळख जाई, म्हणून लोक नाइलाजाने राहत. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा कायद्याने मिळाली. आरंभी ती एका दूरसंचार विभागापुरती होती. निपाणीची लेक कागलला दिली तर तिचा क्रमांक या सोयीने नव्या विभागाचा होत नसे, कारण कोगनोळीचा नाका ओलांडला की विभाग बदले. ३ जुलै २०१५ पासून तीही आडकाठी गेली. त्यामुळे दूरसंचार व्यवसाय बुडाला असे झाले नाही. ज्यांची सेवा बरी होती त्यांच्याकडे लोक राहिले, इतरांस सेवा सुधारावी लागली. म्हणजे सामान घेऊन जाऊ देणे अशक्य असते असे नव्हे. बहुधा ते कोणी सांगितल्याखेरीज केले जात नाही, इतकेच.

फोनच्या बाबतीतही जगात हालचाल चालू आहे. दोन्ही प्रणालींकडे जाण्यासाठी सामान हलविणारी अ‍ॅपे त्या त्या कंपनीने काढली आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. मात्र एका दुकानात विकत घेतलेले अ‍ॅप दुसऱ्यात पुन्हा विकत घ्यावे लागते. युरोपीय संघाने मे २०१८ पासून लागू झालेल्या आपल्या कायद्यात, स्वतःची माहिती एका सेवेतून दुसरीत नेण्याचा हक्क नागरिकास दिला आणि मार्च २०२४ पासून बड्या कंपन्यांवर अधिक कडक बंधने आणली. आपल्या स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेविला. याउलट, सामान घेऊन जाण्याचा हक्क आपल्याकडील २०१९ च्या विधेयकात होता, तो २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात राहिला नाही. २०१७ मध्ये ज्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तो खटला कर्नाटक उच्च न्यायालयाच्याच एका निवृत्त न्यायमूर्तींनी, पुट्टस्वामी यांनी, उभा केला होता. दार बंद करून घेण्याचा हक्क आम्हांस मिळाला. दार उघडून सामानासह बाहेर पडण्याचा हक्क मिळावयाचा आहे.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक मार्मिक विवेचन केले. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणे किंवा राहून बोलणे. आणि यांतले काय घडेल हे निष्ठेवर अवलंबून असते. जाणे फारच सोपे झाले तर बोलणारे सर्वांआधी निघून जातात व संस्था सुधारावयाची राहते, असेही त्याने दाखविले. हे आम्हांस पटते. सीमाभागात जे राहिले त्यांनीच शाळा चालविल्या, वाचनालये टिकविली, अर्ज लिहिले. राहण्यातही पुरुषार्थ असतो. पण ज्याला जाता येत नाही त्याच्या बोलण्याकडे कोणी लक्ष देत नाही, हेही तितकेच खरे. मागचे दार उघडे असेल तरच पुढच्या दारावरची तक्रार ऐकू जाते.

इथवर आम्ही दुसऱ्यांस दोष दिला. आता स्वतःकडे वळणे प्राप्त आहे.

आमच्या सेवेच्या आरंभीच्या काळात एका कचेरीत जुन्या वह्या बंद करून नव्या वह्या उघडण्याचे काम झाले. नोंदी एका भाषेतून दुसरीत गेल्या. त्यात एका शेतकऱ्याच्या नावाच्या शेवटी 'अप्पा' जोडले गेले. लिहिणाऱ्याच्या कानास ते नाव तसेच योग्य वाटले असावे. काही वर्षांनी कर्जासाठी कागद लागले तेव्हा तो आमच्यापुढे येऊन उभा राहिला. ''साहेब, माणूस मी तोच की. गाव तेच, शेत तेच.'' आम्ही नियमानुसार उत्तर दिले, ''अर्ज करा, जुना उतारा आणि प्रतिज्ञापत्र जोडा.'' त्याने चार हेलपाटे घातले आणि चार दिवसांची मजुरी बुडविली. आम्ही लाच घेतली नाही, उर्मट बोललो नाही, नियम मोडला नाही; म्हणून त्या दिवशी आम्हांस चांगली झोप लागली. वही आम्ही बदलली होती, चूक आमच्या वहीत होती आणि तो तोच आहे हे सिद्ध करण्याचा खर्च मात्र त्याने सोसला, हे तेव्हा आमच्या ध्यानातही आले नाही. दुकानातल्या मुलापुढे जुना फोन हाती धरून 'अरे, माणूस मी तोच' असे म्हणण्याची पाळी आमच्यावर आली तेव्हा तो शेतकरी आठवला.

याचा अर्थ वह्या बदलू नयेत असा नव्हे. पुढे 'भूमी' योजनेत कर्नाटकातील सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे २ कोटी उतारे संगणकावर गेले, २००२ पर्यंत हाती लिहिलेले उतारे बंद झाले आणि तलाठ्याची मर्जी सांभाळण्याऐवजी पंधरा रुपये भरून उतारा मिळू लागला. नवी प्रणाली पुष्कळदा खरोखरच अधिक चांगली असते. आमचे म्हणणे एवढेच, की प्रणाली जो चालवितो किंवा बदलतो, त्यानेच सामान हलविण्याचा भार उचलावा. कंपनी असो वा कचेरी, हा नियम एकच असावा. सेवेत असताना आम्ही तो पाळला नाही. निवृत्तीनंतर तो दुसऱ्यांस सांगताना ही कबुली आधी देणे आवश्यक वाटते.

आणखी एक गोष्ट. आमच्या घरी आजोबांच्या वेळची एक पेटी आहे. तीत मोडी लिपीतील कागद आहेत. प्रत्येक वेळी घर बदलताना ती पेटी सोबत आली. कोणी अडविली नाही, कोणी भाडे मागितले नाही. पण आजोबांनंतर घरात मोडी वाचता येणारा कोणी राहिला नाही. सामान सारे आले, अर्थ मागे राहिला. तेव्हा नेता येणे एवढ्याने भागत नाही. आपले सामान कोणते, हे ठाऊक असणे आणि ते उघडून पाहण्याची सवड काढणे, हे कर्तव्य कोणत्याही कायद्याला आमच्या वतीने पार पाडता येणार नाही. बंधूंचे शंभर संदेश जुन्या फोनमध्ये सुखरूप होते त्या काळात आम्ही त्यांतले किती पुन्हा ऐकले होते? खरे सांगावयाचे तर एकही नाही. ते अडकले तेव्हा ते आमचे झाले.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जीर्ण वस्त्र टाकून नवे धारण करण्याची उपमा आहे. तेथे वस्त्र जाते आणि आतला राहतो, म्हणून शोक करू नये असे सांगितले आहे. फोनच्या बाबतीत नेमके उलटे घडते. नवे वस्त्र अंगावर येते आणि आतले काही जुन्याच वस्त्रात राहून जाते. येथे थोडा शोक केला तर तो क्षम्य मानावा.

शेवटी आम्ही जो उपाय केला तो अगदी साधा होता. जुना फोन चार्जिंगला लावून टेबलावर ठेवला, शेजारी नवा ठेवला आणि बंधूंचा एकेक संदेश मोठ्याने वाजवून नव्यात ध्वनिमुद्रित केला. त्यास तीन संध्याकाळ लागल्या. मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज आले, एकदा स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींनी 'भावजी काय म्हणतात' असे विचारले, तेही त्यात गेले. प्रत चांगली झाली नाही. पण प्रत्येक संदेश आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, शेवटच्या त्या श्वासासकट. पुढचा फोन येईल तेव्हा हे सामान कसे न्यावयाचे याची तजवीज आता आधीच करून ठेविली आहे, आणि ते कोठे आहे हे मुलीस लिहून कळविले आहे.

त्या शेतकऱ्याचे नाव पुढे दुरुस्त झाले की नाही, हे मात्र आम्हांस कधी विचारावेसे वाटले नाही. ते आता विचारावयास हवे होते असे वाटते.